देवीच्या कपाळावरची आठी

आमच्या मावळात देवीच्या कपाळाला आठी पडते. पाऊस लांबला, दुभती गाय आटली, पोर तापाने फणफणलं, की घरातलं कुणीतरी जाणतं माणूस आवाज खाली आणून विचारतं, "आईचं काही राहिलंय का?" आई म्हणजे वेहेरगावच्या डोंगरावरची एकवीरा. राहिलंय म्हणजे नवस, ओटी, जावळ, लग्नानंतरचं जोडीचं दर्शन. शोधलं की काहीतरी निघतंच, कारण कुठल्याच घरातलं सगळं देणं फिटलेलं नसतं. कारण सापडल्याचा दिलासा मिळतो. नारळ, खण, साडी बांधली जाते, मंडळी कार्ला फाट्याला उतरतात, पायऱ्या चढतात आणि परतताना जीव थोडा हलका झालेला असतो.

इथवर मला काही म्हणायचं नाही. मीही नवस बोलले आहे आणि फेडला आहे. देवाकडे मागावं, मिळालं तर त्याच्या पायाशी जाऊन सांगावं, यात लाजण्यासारखं काही नाही. माझा प्रश्न मरणाच्या घरातला आहे.

वलवणला आमच्या शेजारी जी सून म्हणून आली, ती माझीच विद्यार्थिनी. पवन मावळातल्या गावाहून एसटीने लोणावळ्याला शाळेत यायची, संस्कृतच्या तासाला पहिल्या बाकावर बसायची. लग्नाला पुरती दोन वर्षं झाली नव्हती तेव्हा तिचा नवरा रात्रपाळी संपवून मोटारसायकलवरून येताना जुन्या हायवेवर ट्रकखाली गेला. दहावा झाला. पुरुषमंडळी घाटावरून परतली, ओटीवर पानं मांडायची तयारी चालली होती, आणि आतल्या खोलीत नात्यातली एक वयस्क बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "जोडीने आईच्या पायावर डोकं ठेवायला गेले नाहीत. आईच्या कपाळाला आठी पडली, दुसरं काय." कुणी तिला गप्प केलं नाही. त्या बोलण्यात द्वेष होता असंही मी म्हणणार नाही. एवढ्या मोठ्या आघाताला काहीतरी नाव द्यायचं म्हणून ती बोलली असेल. पण भिंतीला टेकून बसलेल्या त्या पोरीच्या चेहऱ्यावरचं राहिलेलं रक्तही उतरलं. महिनाभराने ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही नवरात्रात सप्तशती वाचता. खरं सांगा, देवीला अशी आठी पडते का?"

तिला मी पोथी उघडून जे दाखवलं, आणि नंतर जे जे सुचत गेलं, ते इथे मांडते. प्रश्न तिच्या एकटीचा नाही.

देवीला आठी पडते. पोथीत तो शब्द स्पष्ट आहे: भ्रुकुटी. आपण मराठीत भृकुटी लिहितो. भ्रू म्हणजे भुवई, आणि कुट् हा वाकडं होणं सांगणारा धातू. कुटिल हा त्याच घरातला शब्द. भुवई वाकडी होणं एवढाच त्याचा साधा अर्थ. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात भुवयांची सात कर्मं सांगितली आहेत: उत्क्षेप, पातन, भ्रुकुटी, चतुर, कुंचित, रेचित आणि सहज. दोन्ही भुवयांची मुळं एकदम उचलली की ती भ्रुकुटी, आणि ती क्रोधात वापरायची. यादीत शेवटी सहज आहे याचं मला फार अप्रूप वाटतं. काहीही न करणारी, आपल्या जागी असलेली भुवई हेही भरतमुनींनी एक कर्म म्हणून मोजलं. नट सहजातून भ्रुकुटीत जातो आणि सहजात परत येतो. आपली बोलीही हे जाणते: आठी पडते आणि जाते, सुरकुती पडली की राहते. तेव्हा देवीला आठी पडते का, हे विचारून भागत नाही. तिचं सहज कोणतं, आणि त्या सहजातून तिला बाहेर काय काढतं, हे विचारायला हवं.

सप्तशती म्हणजे मार्कंडेय पुराणातले तेरा अध्याय. आमच्याकडची पोथी वडिलांची आहे. ते गेल्यापासून घटस्थापनेला मी ती उघडते. सातव्या अध्यायाच्या पानावर त्यांच्या बोटांचं कुंकू लागलेलं आहे, कडा काळपट झाल्या आहेत, आणि तिथलं एक अक्षर तर आता डोळ्यांनी न वाचता आठवणीनेच म्हणावं लागतं. नेमकी तिथेच देवीची भ्रुकुटी आहे.

पण त्याआधी दुसरा अध्याय. महिषासुराने स्वर्ग घेतला. सूर्य, इंद्र, अग्नी, वायू सगळ्यांचे अधिकार तोच चालवू लागला आणि देव पृथ्वीवर माणसांसारखे वणवण फिरू लागले. ब्रह्मदेवाला पुढे घालून ते विष्णू आणि शंकर होते तिथे गेले आणि आपली दशा सांगितली. ती ऐकता ऐकता त्या दोघांच्या भुवया वाकड्या झाल्या. मग त्यांच्या चेहऱ्यांतून तेज बाहेर पडलं, बाकीच्या देवांच्या अंगांतूनही पडलं, सगळं एकत्र मिळालं आणि एक स्त्री उभी राहिली. म्हणजे जिच्या आठीला आपण भितो, तीच मुळात दोन देवांच्या आठीतून जन्मली आहे. आणि ती आठी कशाने पडली? कुणी ओटी भरली नाही म्हणून नव्हे. बेघर झालेल्यांनी आपलं गाऱ्हाणं सांगितलं, ऐकणाऱ्याने ते मनाला लावून घेतलं, म्हणून पडली.

पुढे पुराणकार सांगतो की कुणाच्या तेजापासून तिचा कोणता अवयव झाला. मुख शंकराच्या तेजाचं, केस यमाच्या, बाहू विष्णूच्या. भुवया कुणाच्या? दोन संध्यांच्या, सकाळच्या आणि सांजेच्या. आमच्या भागात पावसाळा ओसरल्यावर भाद्रपद-आश्विनात तुंगार्लीच्या बाजूने सांज उतरताना पाहिली की मला हे आठवतं. भुवया करायला त्या कवीला वीजही घेता आली असती, वज्रही. त्याने दिवसातल्या सगळ्यात मऊ दोन वेळा घेतल्या. तिचं सहज काय आहे हे त्याने तिथेच सांगून टाकलं.

आता सातवा अध्याय. असुरांचा राजा शुंभ याने आधी धूम्रलोचनाला पाठवलं होतं: देवी येत नसेल तर तिला केसांना धरून फरफटत आण. तो मेल्यावर चंड आणि मुंड यांना तोच हुकूम मिळाला. ते सैन्य घेऊन हिमालयाच्या शिखरावर पोचले तेव्हा देवी सिंहावर बसली होती, आणि किंचित हसत होती. चारही बाजूंनी सैन्य चालून येत असताना ती हसत होती, हे पोथीत आहे. धनुष्यं ताणून, तलवारी उपसून ते तिला धरायला अगदी जवळ आले, तेव्हा तिला कोप आला, मुख शाईसारखं काळं झालं, आणि भ्रुकुटीने वाकड्या झालेल्या कपाळातून काली बाहेर पडली.

मी त्या मुलीला म्हटलं, "अगं, नीट वाच. बाईला केसांना धरून ओढायला पुरुष आले, तेव्हा देवीच्या कपाळाला आठी पडली. तुझ्या घरात त्या दिवशी ती आली असती तर तिने कुणाकडे बघून भुवई चढवली असती?" ती काही बोलली नाही. मीही आग्रह धरला नाही.

इथे जाणकार वाचक मला अडवतील, आणि अडवायलाच हवं. अकराव्या अध्यायात देव देवीची स्तुती करताना म्हणतात की तू तुष्ट झालीस तर सगळे रोग घालवतेस आणि रुष्ट झालीस तर मनातल्या सगळ्या इच्छा नाहीशा करतेस. रुष्टा हा शब्द तिथे आहेच. आपलं रुसणं त्याच रुष् धातूतून आलं. देवी कोपते असं सांगणाऱ्यांचा हाच आधार. तो मी झाकून ठेवणार नाही. पण त्यात रुष्ट देवी काय काढून घेते? इच्छा. प्राण नव्हे, कुणाचा नवरा नव्हे. शिवाय लगेच पुढे म्हटलं आहे की तुझ्या आश्रयाला आलेल्यांवर आपत्ती येत नाही, उलट तेच इतरांचा आश्रय होतात. एवढ्यावरून मी सगळा प्रश्न निकालात काढत नाही. देवांच्या तोंडी त्या वेळी भीतीही आहे. शुंभ नुकताच पडलेला, रणांगण अजून ओलं. भ्यालेल्या माणसाच्या स्तुतीत भीती उतरतेच.

मला त्याहून मोलाचा चौथा अध्याय वाटतो. महिषासुर मेल्यावर इंद्रादी देव दोन गोष्टींचं नवल करतात, आणि त्या एकापाठोपाठ एक येतात. पहिलं नवल: तुझं चंद्रासारखं मंद हसरं मुख पाहूनही महिषाला प्रहार करावासा वाटला. दुसरं: तुझं भ्रुकुटीने भयंकर झालेलं, उगवत्या चंद्रासारखं लालसर मुख पाहून त्याने तिथल्या तिथे प्राण कसा सोडला नाही. हसरा चेहरा आणि आठीचा चेहरा, दोन्हींना चंद्राचीच उपमा. एकच चंद्र, उगवताना लाल, वर आल्यावर पांढरा. पुढे त्याच स्तुतीत देव म्हणतात की चित्तात कृपा आणि युद्धात निष्ठुरता ही जोडी तिन्ही लोकांत तुझ्याच ठायी दिसते, आणि शत्रूंनाही तू शस्त्राने मारतेस ते त्यांनी पवित्र होऊन चांगल्या लोकी जावं म्हणून. असुराच्याही परलोकाची काळजी जिला आहे, ती जोडीने दर्शनाला न आल्याचा राग मनात धरून एका तरण्या पोराला ट्रकखाली घालील, हे मला पटत नाही. कधीच पटणार नाही.

भृकुटीची आणखी एक कथा भागवताच्या तिसऱ्या स्कंधात आहे. ब्रह्मदेवाने सनकादी चार पुत्रांना प्रजा निर्माण करायला सांगितलं. ते नाही म्हणाले. ब्रह्मदेवाला दुःसह राग आला, तो त्याने बुद्धीने आवरून धरला, तरी तो दोन भुवयांच्या मधून निळ्या-तांबड्या वर्णाचं बाळ होऊन बाहेर पडला. बाहेर पडताच ते रडू लागलं. मला नाव द्या, मला जागा द्या, म्हणून रडू लागलं. रडला म्हणून त्याचं नाव रुद्र, आणि त्याला मिळालेल्या जागांमध्ये पहिली जागा हृदयाची. क्रोधातून जन्मलेला देव, आणि त्याची पहिली कृती रडण्याची!

चार्ल्स डार्विनचं माणसांच्या आणि प्राण्यांच्या भावदर्शनावरचं पुस्तक १८७२ साली निघालं. भुवया जवळ ओढणाऱ्या स्नायूंचा त्याने बारकाईने विचार केला. त्याचं म्हणणं असं की तान्हं मूल भोकाड पसरण्याआधी डोळ्यांच्या रक्षणासाठी हेच स्नायू आवळतं. जन्मभराची सवय होते, आणि मग काहीही अवघड, दुखरं, नकोसं समोर आलं की मोठेपणीही भुवया तशाच आवळल्या जातात. दुःखात भुवयांची आतली टोकं वर जातात, ती ओढणाऱ्या स्नायूंना तर त्याने दुःखाचे स्नायूच म्हटलं आहे. भागवतकार आणि डार्विन यांची गाठ घालण्याचा माझा हेतू नाही. पण आठीच्या पोटात रडणं आहे हे दोघांनाही दिसलं, एकाला कथेत आणि दुसऱ्याला पाळण्यात.

आता आमच्या डोंगरावर या. एकवीरेचं देऊळ कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या अगदी तोंडाशी आहे. चैत्याबाहेर डावीकडे सिंहस्तंभ उभा आहे. त्याचा जोडीदार जिथे असावा असं अभ्यासक मानतात, तिथे आज देवीचं देऊळ आहे. चैत्रात शुद्ध सप्तमीच्या पालखीला कोळी, आगरी बांधव मुंबई, ठाणे, रायगडाकडून येतात, कित्येक तर पालख्या खांद्यावर घेऊन पायी खंडाळ्याचा घाट चढून. रांग वळणं घेत चैत्याजवळून जाते. गर्दीत कुणाचं लक्ष जात नाही, पण ओवरीच्या भिंतीकडे मान वर करून पाहावं. स्त्री-पुरुषांच्या मोठमोठ्या जोड्या कोरलेल्या आहेत, दोन हजार वर्षांच्या आसपासच्या. भरदार खांदे, बाईच्या केसांत आणि पायांत जड दागिने, एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर. काही चेहरे झिजले, काही फुटले. जे शाबूत आहेत त्यांच्या कपाळावर एक आठी नाही. भिक्षूंच्या प्रार्थनेच्या दारात हे संसारी, निवांत चेहरे कोरावेसे कुणाला वाटले असतील, याचा मी अनेकदा विचार केला आहे. जोडीने आईच्या दर्शनाला येण्याची जी रीत आपण सांगतो, तिच्या कितीतरी आधीपासून जोड्या इथे उभ्या आहेत, आणि त्यांना कुणी धाक घालून आणलेलं दिसत नाही.

याच बौद्ध परंपरेत पुढे, महायान काळात, भृकुटी नावाची एक देवताच झाली. कान्हेरीच्या लेण्यांत अवलोकितेश्वर उभा आहे आणि त्याच्या दोन बाजूंना दोन स्त्रिया आहेत. अभ्यासक त्यांना तारा आणि भृकुटी म्हणून ओळखतात. अवलोकितेश्वर म्हणजे साक्षात करुणा, दुःखितांकडे बघत राहणारा. त्याच्या एका हाताशी तारणारी आणि दुसऱ्या हाताशी चक्क आठी! तिबेटी परंपरेतली कथा तर अशी आहे की जगातलं दुःख कितीही निवारलं तरी संपत नाही हे पाहून त्याच्या डोळ्यांतून आसवं आली, आणि त्या आसवांतून तारा आणि भृकुटी जन्मल्या. मला तरी करुणेच्या बाजूला आठीची जागा असते याचं याहून नेमकं स्पष्टीकरण कुठे मिळालेलं नाही.

दोन भुवयांच्या मधली ही बोटभर जागाच विलक्षण आहे. बुद्धमूर्तीवर तिथे ऊर्णा असते, प्रकाश सोडणारा केसांचा भोवरा. शंकराचा तिसरा डोळा तिथेच. आपण कुंकू लावतो ते तिथे. गीतेत देह ठेवताना प्राण स्थिर करायला सांगितला आहे तो भुवयांच्या मध्ये. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन केलं, तिथे योग शिकणारी मुलं भ्रूमध्यदृष्टीचा सराव करतात: नजर भुवयांच्या मध्ये न्यायची, पण भुवई ताणायची नाही, कपाळ सैल ठेवायचं. राग आणि ध्यान यांची जागा एकच असावी, यात आपल्या पूर्वजांना विसंगती वाटली नाही.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी लिहायला बसले ती. एकवीरा म्हणजे रेणुका, अशी आपली श्रद्धा आहे. एका वीराची, परशुरामाची आई. तिची कथा महाभारताच्या वनपर्वात आहे. रेणुका स्नानाला गेली, तिथे चित्ररथ राजा आपल्या स्त्रियांसह जलक्रीडा करताना तिच्या दृष्टीस पडला आणि क्षणभर तिचं मन चळलं. ती आश्रमात परतली तेव्हा जमदग्नींनी तिच्याकडे पाहिलं आणि ओळखलं. घडलं काहीच नव्हतं, फक्त एक क्षण मन हललं होतं. त्यांनी मुलांना आज्ञा केली, आईला मारा. चौघे थोरले सुन्न उभे राहिले. त्यांना शाप मिळाला. पाचव्याने, रामाने, परशू उचलला. आईचं मस्तक खाली पडल्यावर जमदग्नींचा कोप एकाएकी गेला. मग ते मुलाला म्हणाले, वर माग. त्याने आधी आईला जिवंत करा म्हटलं, आणि तिला मारल्याची आठवण राहू नये म्हटलं.

जिच्या कपाळाच्या आठीने आपण घरातल्या सुनांना भिववतो, ती स्वतः एका पुरुषाच्या आठीने मारली गेलेली बाई आहे. क्षुल्लक कारणावरून आलेला कोप काय करतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? मारल्याची आठवण राहू नये असं मुलाने मागितलं, ते तिला मिळालं. पण आपण तरी आठवण ठेवायला नको का? तिच्याच नावाने तिच्यावर झालेला तोच अन्याय आपण घरोघर पुन्हा करतो, आणि त्याला भक्ती म्हणतो.

जमदग्नींचीही कथा तिथे संपत नाही. आश्वमेधिक पर्वात ते श्राद्धाची तयारी करताना दिसतात. होमधेनूचं दूध त्यांनी स्वतः काढून नव्या भांड्यात ठेवलं. त्यांची परीक्षा पाहायला क्रोध मूर्तिमंत होऊन आला आणि त्याने ते दूध नासवलं. मुनी रागावले नाहीत. क्रोधच हात जोडून उभा राहिला, हरलो म्हणाला. पितरांच्या शापाने पुढे तो मुंगूस झाला; धर्मराजाच्या यज्ञात येऊन यज्ञाला कमी लेखणारा तो अर्ध्या सोनेरी अंगाचा मुंगूस हाच. ज्या ऋषीच्या एका आठीने पत्नीचं मस्तक उडालं, त्याच ऋषीच्या दारातून क्रोध रिकाम्या हाताने परत गेला. महाभारताने ही दुसरी कथा लिहून ठेवली, आपण पहिलीच तेवढी लक्षात ठेवली.

लोणावळ्याजवळ कुरवंड्याला उगम पावणारी इंद्रायणी पुढे देहूला जाते. त्या काठच्या तुकोबांच्या घरात १६३० च्या दुष्काळात पहिली बायको आणि मुलगा दगावले. विठ्ठलाचं काय राहिलं होतं, असं त्या घराला कुणी विचारलं असेल तर ते नाव इतिहासात राहिलं नाही. राहिले ते तुकोबा, इंदुरीजवळच्या भंडारा डोंगरावर बसून खुद्द विठ्ठलाशी भांडणारे. पुढे अभंगांच्या वह्या नदीत बुडवाव्या लागल्या तेव्हाही त्यांनी काठावर धरणं धरलं ते विठ्ठलापुढेच. जनाबाई त्यांच्याही आधीची, तीही विठोबाला वाट्टेल ते बोलली. पंढरपुरात तर रखुमाई रुसून दिंडीरवनात निघून गेली आणि तिची समजूत काढायला देवाला मागोमाग यावं लागलं, तेव्हा कुठे आपल्याला पांडुरंग मिळाला. आपल्या धर्मात माणसाने देवावर रागावायची, रुसायची, कपाळाला आठी घालून त्याला जाब विचारायची परवानगी आहे, आणि ती भल्या भल्या संतांनी वापरली आहे. मरणाच्या घरात आठी घालायचा हक्क कुणाचा असेल तर तो त्या घराचा आहे. देवाने ती निमूट ऐकून घ्यायची.

हे सगळं मी आमच्या थोरल्या जाऊबाईंना बोलून दाखवलं. त्या कार्ल्याच्या माहेरच्या, दर चैत्राला अनवाणी डोंगर चढणाऱ्या. त्या म्हणाल्या, "अगं, धाकच उरला नाही तर कोण चढेल डोंगर? मुंबईची पोरं वर्षातून एकदा येतात ती आई कोपेल म्हणूनच. त्या निमित्ताने भावकी एकत्र येते, म्हाताऱ्यांची विचारपूस होते." त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. धाकाने पुष्कळ घरं बांधून ठेवली आहेत. पण मी त्यांना विचारलं, "वहिनी, तुम्ही धाकाने चढता?" त्या थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "छे गं, मला तिला बघावंसं वाटतं." मग ज्या ओढीने त्या स्वतः चढतात, ती ओढ पोरांना का सांगायची नाही? धाक आपला नसतोच मुळी. तो आपण नेहमी दुसऱ्याला देतो, आणि बहुतेक वेळा घरातल्या सगळ्यात दुबळ्या माणसाला देतो: नवी सून, विधवा, मूल न होणारी बाई. नवस राहिला म्हणून घरच्या कर्त्या पुरुषाच्या तोंडावर देवीची आठी कुणी फेकलेली मी ऐकलेली नाही.

देवाला राग येऊ शकतो का, हा जुना प्रश्न आहे, आणि मी काही तो सोडवणार नाही. गीतेतला भगवान म्हणतो की मला कुणी द्वेष्य नाही, कुणी प्रिय नाही. सप्तशतीतली देवी कोपते, रणात उतरते. दोन्ही ग्रंथ माझ्या देवघरात शेजारी शेजारी आहेत आणि मला त्यांतला एकही हलवायचा नाही. माझं मत एवढंच झालं आहे की जगातल्या अन्यायाला ज्याच्या कपाळाला आठीच पडत नाही, असा देव मला नको. आणि स्वतःच्या मानपानासाठी जो आठी घालतो, तो देव नव्हे. पोथीत जिथे जिथे भ्रुकुटी आली आहे तिथे तिथे ती आधी कुणाचं तरी दुःख ऐकल्यावर, किंवा कुणी बाईवर हात टाकायला आल्यावर आली आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी दुसरा, चौथा, सातवा आणि अकरावा अध्याय अर्थासह वाचावा. मराठी अर्थाच्या पोथ्या कुठल्याही धार्मिक पुस्तकांच्या दुकानात मिळतात.

येत्या चैत्रात तुम्ही एकवीरेला जाल. नवस राहिला असेल तर जरूर फेडा, ओटी भरा, आणि वर पोचल्यावर चैत्याच्या ओवरीतल्या त्या जोड्यांकडे घटकाभर मान वर करून बघा. आणि एक मागणं आहे, ते विशेषतः आम्हा वयस्क बायकांकडे. दहाव्या-तेराव्याच्या घरात बसलेलं असताना आपल्या तोंडून किंवा शेजारणीच्या तोंडून "देवीच्या कपाळाला आठी पडली" हे वाक्य निघू पाहील, तर ते तिथल्या तिथे थांबवा. ते घरचं माणूस ऐकत असतं, आणि ते जन्मभर विसरत नाही.